माझे तारण होईल का? – संत फ्रान्सिस डि सेल्स यांची जीवनकथा



तुमचे तारण झाले आहे काय, हा प्रश्न आपल्यापैकी पुष्कळांना कोणी ना कोणी विचारलेला आहे. रेल्वेच्या डब्यात, बाजारात किंवा कामाच्या ठिकाणी इतर ख्रिस्ती पंथातील एखादा बंधू हातात पत्रक देतो आणि मोठ्या आपुलकीने हे विचारतो. आपण गोंधळून जातो. होय म्हणावे तर अहंकार वाटतो, नाही म्हणावे तर आपण श्रद्धेत कच्चे ठरतो. दुसरीकडे, आपल्यातील अनेक जण वर्षानुवर्षे तीच ती पापे घेऊन प्रायश्चित्त संस्काराला येतात. राग, शिवीगाळ, दारू, परनिंदा, अशुद्ध विचार. क्षमा मिळते, आठ दिवस बरे जातात आणि पुन्हा ये रे माझ्या मागल्या! मग मनात येते, देव तरी किती वेळा क्षमा करणार? शेवटच्या दिवशी माझी गणती कोणात होणार?

एकाला इतकी खात्री की सावध राहण्याची गरजच वाटू नये. दुसऱ्याला इतकी भीती की आशाच उरू नये. ख्रिस्तसभा या दोहोंमधून कोणती वाट दाखवते? व्याख्या पाठ करण्यापेक्षा एका माणसाचे जीवन पाहिले तर हे लवकर समजेल. हा प्रश्न ज्यांना ऐन तारुण्यात अक्षरशः अंथरुणाला खिळवून गेला, ते संत म्हणजे फ्रान्सिस डि सेल्स. त्यांचा सण आपण दरवर्षी 24 जानेवारी रोजी साजरा करतो.

सरदाराचा थोरला मुलगा

फ्रान्सिसचा जन्म 21 ऑगस्ट 1567 रोजी सव्हॉय राज्यात, तोराँ गावाजवळील सेल्स घराण्याच्या गढीत झाला. आज हा आल्प्स पर्वताच्या कुशीतला भाग फ्रान्समध्ये आहे. वडील सरदार, आई अतिशय धार्मिक. अनेक भावंडांत फ्रान्सिस थोरला. साहजिकच वडिलांच्या साऱ्या आशा त्याच्यावर. मुलाने कायदा शिकावा, राज्याच्या सिनेटमध्ये बसावे, चांगल्या घरातली सून आणावी, असा त्यांचा बेत होता.

त्या प्रदेशापासून जिनिव्हा शहर फार दूर नव्हते. 1536 साली जिनिव्हाने प्रोटेस्टंट मत स्वीकारले होते आणि पुढे जॉन कॅल्व्हिन यांनी तेथे आपली शिकवण रुजवली. जिनिव्हाच्या कॅथलिक बिशपांना स्वतःचे कॅथेड्रल सोडून अॅनसी या गावी राहावे लागत होते. माणूस कशाने तारला जातो, हा त्या काळी केवळ पंडितांचा विषय नव्हता. त्यावरून गावे दुभंगली होती, घरे फुटली होती, लढाया झाल्या होत्या. फ्रान्सिस अशा हवेत वाढला.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवू या. पुढे सौम्यतेचा संत म्हणून जगाला माहीत झालेला हा मुलगा स्वभावाने तापट होता. त्याच्या रक्तातच राग होता. या रागाचा आपल्या विषयाशी जवळचा संबंध आहे, तो पुढे येईल.

पॅरिसमधील सहा आठवडे

वडिलांनी त्याला शिक्षणासाठी पॅरिसला, येशूसंघीयांच्या क्लेरमाँ महाविद्यालयात पाठवले. तेथे त्याने भाषा, साहित्य आणि तत्त्वज्ञान यांचा अभ्यास केला; ईशज्ञानाची व्याख्यानेही तो आवडीने ऐकू लागला. 1586 साली, एकोणीस वर्षांचा असताना, तो पूर्वनियोजनाच्या वादात सापडला.

हा वाद काय होता? आपल्याकडे अशी एक जुनी समजूत आहे की, बाळ जन्मल्यावर पाचव्या-सहाव्या रात्री सटवाई येते आणि त्याच्या कपाळी त्याचे भविष्य लिहून जाते. मग माणसाने काहीही केले तरी ते पुसले जात नाही. त्या काळी काही ईशज्ञानी तारणाबद्दल जवळजवळ असेच बोलत. देवाने अनादिकाळापासून काहींना स्वर्गासाठी निवडले आहे आणि इतरांना सोडून दिले आहे. निवडलेला अखेर हरवत नाही आणि सोडलेला कितीही धडपडला तरी पोचत नाही, असे कॅल्व्हिन यांचे अनुयायी शिकवीत. कॅथलिक विद्यापीठांतही संत ऑगस्टीन आणि संत थॉमस अक्वायनस यांच्या लिखाणावरून देवाची निवड आणि माणसाचे स्वातंत्र्य यांविषयी मोठा खल चालत असे.

इतर विद्यार्थ्यांसाठी हा परीक्षेचा विषय होता. फ्रान्सिसने तो स्वतःला लावून पाहिला. यादी आधीच ठरलेली असेल आणि तिच्यात माझे नाव नसेल तर? मग माझी प्रार्थना, माझा ख्रिस्तप्रसाद, माझी धडपड यांना काय अर्थ? आपण दंडालाच नेमलेलो आहोत, हा विचार त्याच्या मनात रुतून बसला. त्याची झोप उडाली, अन्न जाईना, प्रार्थनेत गोडी राहिली नाही. शरीर खंगले आणि तो आजारी पडला. सुमारे सहा आठवडे ही अवस्था टिकली. तर्काने तर्काला उत्तर देण्याचा त्याने पुष्कळ प्रयत्न केला असेल, पण निराश झालेले मन प्रत्येक युक्तिवादातून आपल्याविरुद्धचाच पुरावा शोधून काढते. ज्यांनी अशी निराशा अनुभवली आहे, त्यांना हे सांगायला नको.

जानेवारी 1587 मध्ये एके दिवशी तो कसाबसा सेंत-एतियेन-दे-ग्रे या चर्चमध्ये गेला. तेथे देवमाता मरियेची एक काळ्या वर्णाची प्राचीन मूर्ती होती. तिला सुटकेची माता म्हणून लोक मानत. तिच्यापुढे गुडघे टेकून त्याने मेमोरारे ही प्रार्थना म्हटली. मरियेच्या आसऱ्याला आलेला कोणीही निराधार परतला नाही, याची तिला आठवण करून देणारी ही प्रार्थना आपल्यापैकी अनेकांना पाठ आहे. आणि मग त्याने आपले मन देवापुढे ठेवले. परलोकात देवावर प्रेम करणे आपल्या नशिबी नसेलच, तर निदान या जन्मात, जोवर श्वास आहे तोवर, सर्व शक्तीनिशी त्याच्यावर प्रेम करू दे, असे त्याने मागितले.

तो उठला तेव्हा मनावरचे ओझे उतरले होते. आजारपणही ओसरले. त्याने तेथेच आपले जीवन मरियेच्या हाती सोपवून ब्रह्मचर्याचे व्रत घेतले.

बंधुभगिनींनो, येथे काय घडले ते नीट पाहू या. फ्रान्सिसला स्वर्गातून कोणी यादी दाखवली नाही. तुझे नाव लिहिलेले आहे, असा आवाज आला नाही. त्याच्या प्रश्नाला उत्तर मिळाले नव्हते. तरीही भीती गेली. इतके दिवस तो स्वतःकडे पाहत होता, माझे काय होणार एवढेच विचारत होता. त्या क्षणी त्याने देवाकडे पाहिले आणि प्रेमाला बक्षिसाची अट घालायचे सोडले. जो माणूस काहीही न मिळता देवावर प्रेम करायला तयार होतो, त्याच्या अंतःकरणात देव आधीच आलेला असतो. कारण असे प्रेम आपण आपल्या बळावर निर्माण करू शकत नाही. तीच देवाची कृपा.

पादुआ येथे सापडलेली वाट

1588 मध्ये वडिलांनी त्याला कायद्याच्या अभ्यासासाठी इटलीतील पादुआ विद्यापीठात पाठवले. तेथे कायद्याबरोबर त्याने ईशज्ञानाचाही अभ्यास केला. अंतोनियो पोसेव्हिनो हे विद्वान येशूसंघीय त्याचे आध्यात्मिक मार्गदर्शक झाले. पॅरिसला मनाने सोडवलेला प्रश्न आता बुद्धीनेही सोडवायचा त्याने निश्चय केला.

ऑगस्टीन आणि थॉमस या दोन महान गुरूंबद्दल त्याला नितांत आदर होता. तरीही मोठ्या नम्रतेने तो या निष्कर्षाला आला की, सर्वांचे तारण व्हावे अशी देवाची खरी इच्छा आहे. ख्रिस्त सर्वांसाठी मरण पावला. देव प्रत्येकाला पुरेशी कृपा देतो. आणि जो हरवतो तो कृपा नाकारल्यामुळे हरवतो. देवाला पुढचे सारे ठाऊक आहे हे खरे, पण ठाऊक असणे म्हणजे भाग पाडणे नव्हे. टेकडीवर उभ्या असलेल्या माणसाला खालच्या वळणावरची बैलगाडी आणि तिचा पुढचा रस्ता एकदम दिसतो. म्हणून काही तो गाडी हाकत नाही. कासरा गाडीवानाच्याच हातात असतो.

पादुआतच फ्रान्सिस इतका आजारी पडला की जगण्याची आशा राहिली नाही. आपल्या मृत्यूनंतर देह वैद्यकीय विद्यार्थ्यांना द्यावा, असे त्याने सांगून ठेवले. त्या काळी अभ्यासासाठी प्रेते मिळवताना हाणामाऱ्या होत; निदान आपल्या देहामुळे तरी एखादी टळावी, हा हेतू. चार वर्षांपूर्वी नरकाच्या भीतीने खचलेला तरुण आता मृत्यूच्या दारात दुसऱ्याची काळजी करत होता! देवाने त्याला बरे केले. डॉक्टरेट मिळवून तो घरी परतला. सिनेटची जागा आणि एक सुयोग्य वधू वाट पाहत होती. त्याने दोन्ही नाकारले. वडिलांची समजूत घालणे सोपे गेले नाही, पण अखेर 18 डिसेंबर 1593 रोजी त्याला धर्मगुरूपदाची दीक्षा मिळाली.

ख्रिस्तसभा काय शिकवते?

फ्रान्सिसच्या जन्मापूर्वी वीस वर्षे, 13 जानेवारी 1547 रोजी, ट्रेंटच्या विश्वपरिषदेने या विषयावर ख्रिस्तसभेची शिकवण स्पष्ट केली होती. तिचा मथितार्थ साध्या शब्दांत असा. तारण ही देवाची देणगी आहे. ती आपण कमावत नाही. बाप्तिस्म्याने आपण खरोखर देवाची लेकरे होतो. परंतु आपले स्वातंत्र्य शाबूत राहते. त्यामुळे जाणूनबुजून केलेल्या प्राणघातक पापाने ही कृपा आपण गमावू शकतो. गमावलेली कृपा प्रायश्चित्त संस्कारात परत मिळते. रोजच्या जीवनात नीतिमान माणसाच्या हातूनही लहानसहान पापे घडतात, पण त्यामुळे तो देवाचे लेकरू राहत नाही असे नाही. आणि देवाने विशेष प्रकटीकरण केल्याशिवाय, मी शेवटपर्यंत टिकेनच असे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. मात्र देवाच्या साहाय्यावर प्रत्येकाने दृढ आशा ठेवलीच पाहिजे.

पुष्कळ जण या शिकवणीचा अर्धाच भाग लक्षात ठेवतात. खात्री नाही एवढे ऐकतात आणि घाबरतात. पण शंका माझ्याबद्दल आहे, देवाबद्दल नाही. मी त्याचा हात सोडू शकतो. तो माझा हात सोडत नाही. म्हणूनच ख्रिस्तसभेने आशेच्या विरुद्ध दोन पापे सांगितली आहेत. एक फाजील विश्वास, म्हणजे पश्चात्ताप न करताच क्षमा गृहीत धरणे. दुसरे निराशा, म्हणजे आपले पाप देवाच्या दयेपेक्षा मोठे मानणे. दोन्ही पापांत माणूस देवाकडे मागायचे थांबवतो.

शाब्लेची बर्फाळ वाट

सप्टेंबर 1594 मध्ये फादर फ्रान्सिस आपला चुलतभाऊ फादर लुई यांच्यासह जिनिव्हा सरोवराच्या दक्षिणेकडील शाब्ले प्रांतात निघाले. हा प्रांत 1536 मध्ये बर्नच्या प्रोटेस्टंट सत्तेने जिंकला होता. पुढे तो सव्हॉयला परत मिळाला, तरी तेथे कॅथलिक फारच थोडे उरले होते. सुरुवातीला रात्रीचा मुक्काम आलँजच्या किल्ल्यात आणि दिवसा पायी तोनों शहरात जायचे, असा क्रम होता. थंडी, बर्फ, जिवाचा धोका. प्रवचनाला येणाऱ्यांना लोक धमकावत. ऐकायला कोणी येईना, तेव्हा त्यांनी आपले म्हणणे कागदावर लिहून पत्रके दारांच्या फटींतून आत सरकवायला सुरुवात केली. याच कामामुळे 1923 साली पोप पायस अकरावे यांनी त्यांना पत्रकार व लेखकांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले. आपले हे साप्ताहिक पत्रकही एका अर्थी त्यांच्याच आश्रयाखाली निघते!

चार वर्षांत चित्र पालटले. 1598 पर्यंत बहुतेक प्रांत कॅथलिक श्रद्धेकडे परतला. त्यात सव्हॉयच्या ड्यूकने आपल्या सत्तेचा दबावही वापरला, हे लपवण्याचे कारण नाही; त्या काळी दोन्ही बाजूंचे राज्यकर्ते तसेच वागत. पण लोकांची मने जिंकली ती फादर फ्रान्सिस यांच्या चिकाटीने आणि ऋजुतेने.

1597 साली, पोप क्लेमेंट आठवे यांच्या इच्छेनुसार, त्यांनी जिनिव्हात जाऊन थिओडोर बेझा यांची भेट घेतली. बेझा म्हणजे कॅल्व्हिन यांचे वारसदार. पूर्वनियोजनाच्या शिकवणीची अत्यंत काटेकोर मांडणी करणारे पंडित. वय अठ्ठ्याहत्तरच्या आसपास. ज्या विचाराने एकोणिसाव्या वर्षी फ्रान्सिस यांना मरणाच्या दारात नेले, त्याच विचाराच्या सर्वात मोठ्या गुरूसमोर ते आता बसले होते. त्यांनी वाद उकरून काढला नाही. कॅथलिक ख्रिस्तसभेत राहून माणसाचे तारण होऊ शकते की नाही, असे त्यांनी सरळ विचारले. चरित्रकार सांगतात की बेझा बराच वेळ विचार करत राहिले आणि अखेर होऊ शकते असे त्यांनी मान्य केले. भेटी पुन्हाही झाल्या, पण बेझा यांनी आपला पंथ सोडला नाही. 1605 मध्ये त्यांचे निधन झाले. या भेटींत मनांतर घडले नाही, पण दोघांनी एकमेकांचे माणूसपण जपले, हे त्या रक्तरंजित काळात थोडे नव्हते.

8 डिसेंबर 1602 रोजी फ्रान्सिस जिनिव्हाचे बिशप झाले. स्वतःच्या कॅथेड्रलमध्ये त्यांना कधीच बसता आले नाही. अॅनसीतूनच त्यांनी वीस वर्षे धर्मप्रांत सांभाळला. डोंगरातल्या लहान-लहान धर्मग्रामांना ते स्वतः भेटी देत, मुलांना धर्मशिक्षण देत, तासन्‌तास पापनिवेदन ऐकत. एका मूकबधिर तरुणाला त्यांनी खाणाखुणांनी धर्मशिक्षण देऊन ख्रिस्तप्रसादासाठी तयार केले.

त्याच काळात डॉमिनिकन आणि येशूसंघीय ईशज्ञानी यांच्यात कृपा व स्वातंत्र्य यावरून रोममध्ये दीर्घ वाद पेटला होता. बिशप फ्रान्सिस यांचेही मत मागवण्यात आले. त्यांचा सल्ला असा होता की, दोन्ही बाजूंना अडचणी आहेत. कृपा कशी कार्य करते यावर भांडण्यापेक्षा मिळालेली कृपा उपयोगात आणणे बरे. 1607 साली पोप पॉल पाचवे यांनी कोणत्याही बाजूला दोषी न ठरवता वाद थांबवला. आजही या बाबतीत दोन्ही मते ख्रिस्तसभेत मान्य आहेत.

पुन्हा पुन्हा पडणाऱ्यांसाठी

आता आपल्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळू या. क्षमा मिळाल्यावरही मी तीच पापे का करतो? आणि मग माझे काय?

1609 साली बिशप फ्रान्सिस यांचे भक्तिमय जीवनाची ओळख करून देणारे पुस्तक प्रसिद्ध झाले. एका विवाहित स्त्रीला लिहिलेल्या मार्गदर्शनातून ते आकाराला आले. मठाबाहेर, संसारात, बाजारात, सैन्यात राहणाऱ्या माणसालाही पवित्र होता येते, हे त्यात त्यांनी सांगितले. ते हातोहात खपले आणि अनेक भाषांत गेले.

त्या पुस्तकात त्यांनी पाप आणि पापाची गोडी यांत फरक केला आहे. इस्राएल लोक इजिप्तमधून बाहेर पडले, पण त्यांचे मन तिथल्या कांद्यांत आणि मांसात अडकून राहिले. एखादा रोगी वैद्याच्या भीतीने खरबूज खात नाही, पण दिवसभर त्याच्याच गोष्टी करतो, दुसऱ्याच्या हातातल्या फोडीचा वास घेतो. आपलेही पुष्कळदा असेच होते. दारू सोडली, पण गुत्त्यावरची मैत्री सोडली नाही. भावाशी भांडण मिटवले, पण त्याने काढलेला अपशब्द मनात जपून ठेवला. पाप सोडले, गोडी राहिली. म्हणून पाय घसरतो. ही गोडी एका दिवसात जात नाही. तिच्यासाठी प्रार्थना, संस्कार आणि वेळ लागतो.

दुसरी गोष्ट, पडल्यानंतर स्वतःशी कसे वागावे? येथे त्यांचा सल्ला अनेकांना अनपेक्षित वाटतो. स्वतःवर चिडू नका, असे ते सांगत. आपण पडलो याचा आपल्याला धक्का बसतो, कारण आपण स्वतःला फार बळकट समजत असतो. दुबळा माणूस दुबळेपणाने वागला यात नवल ते काय? पापाचा मनापासून खेद करावा, देवाची दया मागावी, मोडलेला निश्चय पुन्हा करावा आणि शांतपणे चालू लागावे. पापानंतर आत्म्याचे सर्वात मोठे नुकसान मनाची अस्वस्थता करते, असे त्यांचे मत होते. जाळ्यात सापडलेला पक्षी जितका फडफडतो तितका अधिक गुंततो.

याचा अर्थ पाप किरकोळ आहे असा मुळीच नाही. आठवड्यातून एकदा पापनिवेदन करावे, असा त्यांचा आग्रह होता. जो पापाला क्षुल्लक मानतो त्याला पापनिवेदनाची गरज वाटत नाही. आणि जो निराश झाला आहे तो पापनिवेदनाला जाण्याचे टाळतो. दोघेही एकाच दारापासून दूर राहतात.

हे सारे त्यांनी स्वतः जगून पाहिले होते. त्यांचा तापट स्वभाव धर्मगुरू झाल्यावर गेला नाही, बिशप झाल्यावरही गेला नाही. चरित्रकार म्हणतात की राग आवरण्यासाठी त्यांना वीसेक वर्षे झगडावे लागले. रोज हरायचे, रोज उठायचे. म्हणूनच पुन्हा पुन्हा पडणाऱ्यांवर त्यांना रागावता येत नसे.

संत जेन फ्रान्सिस डि शांताल यांची गोष्टही येथे सांगायला हवी. शिकारीच्या वेळी झालेल्या अपघातात त्यांचे पती गेले. चार लेकरांची ही तरुण विधवा 1604 च्या उपवासकाळात दिजाँ शहरी बिशप फ्रान्सिस यांचे प्रवचन ऐकायला आली आणि त्यांच्या मार्गदर्शनाखाली वाढत गेली. ज्याच्या हातून पतीवर गोळी सुटली होती, त्याला क्षमा करायला तिला फार दिवस लागले. पण अखेर त्याच्या बाळाच्या बाप्तिस्म्याला ती धर्ममाता म्हणून उभी राहिली. 6 जून 1610 रोजी दोघांनी मिळून अॅनसीला मरियाभेट संघाची स्थापना केली. जिच्या हातून एवढे कार्य झाले, तिला कित्येक वर्षे श्रद्धेविषयीच्या शंकांनी आणि आतल्या अंधाराने छळले. मनाला उजेड जाणवला नाही म्हणजे देव सोडून गेला, असे समजू नये, हे बिशप फ्रान्सिस तिला पुन्हा पुन्हा पत्रांतून सांगत राहिले. ते पॅरिसमध्ये त्यांना स्वतःलाच शिकावे लागले होते. देवाच्या प्रीतीवरचा त्यांचा मोठा ग्रंथ 1616 मध्ये प्रसिद्ध झाला. पॅरिसच्या त्या चर्चमध्ये गुडघ्यांवर मागितलेल्या निःस्वार्थ प्रेमाचे जणू ते सविस्तर विवेचन आहे.

अखेरचा प्रवास

1622 च्या अखेरीस राजदरबाराच्या प्रवासात ते लियों शहरी पोचले. मरियाभेट संघाच्या मठाच्या आवारात, माळ्याच्या लहानशा घरात त्यांनी मुक्काम केला. 27 डिसेंबरला त्यांना पक्षाघाताचा झटका आला. भोवती जमलेल्यांपैकी कोणी तरी विचारले की मरियाभेट संघाचे रोपटे अजून कोवळे असताना सोडून जाताना काही वाटत नाही का. ज्याने काम आरंभले तोच ते पूर्ण करील, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी पुन्हा पुन्हा दिले, असे चरित्रकार लिहितात. दुसऱ्या दिवशी, 28 डिसेंबर रोजी, निष्पाप बालकांच्या सणाला त्यांनी प्राण सोडला. वय पंचावन्न वर्षे. 1665 साली त्यांना संतपद मिळाले आणि 1877 साली ख्रिस्तसभेचे पंडित ही पदवी. त्यांच्या मृत्यूला 400 वर्षे झाली तेव्हा, 28 डिसेंबर 2022 रोजी, पोप फ्रान्सिस यांनी त्यांच्यावर एक विशेष पत्र लिहिले.

आपल्या महाराष्ट्राशीही त्यांचे नाते आहे. 1838 साली अॅनसीत फादर पीटर मर्मिये यांनी स्थापन केलेल्या संत फ्रान्सिस डि सेल्स संघाचे मिशनरी 1846 मध्ये विशाखापट्टणमला आले आणि तेथून विदर्भापर्यंत पोचले. 1887 मध्ये नागपूर धर्मप्रांत झाला. तेथील कॅथेड्रल याच संताच्या नावाने आहे. संत जॉन बॉस्को यांनी आपल्या संस्थेला सलेशियन हे नाव दिले तेही यांच्यावरूनच. डॉन बॉस्को शाळेत शिकलेल्या आपल्या मुलांनी हे लक्षात ठेवावे.

आपण काय उत्तर द्यावे?

आता पुन्हा त्या पत्रक देणाऱ्या बंधूकडे येऊ. त्याच्याशी वाद घालण्याची गरज नाही. 31 ऑक्टोबर 1999 रोजी कॅथलिक ख्रिस्तसभा आणि लूथरन मंडळ्यांच्या महासंघाने आउग्सबुर्ग येथे नीतिमानतेविषयी संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या; आपण केवळ कृपेने, ख्रिस्तावरील श्रद्धेने स्वीकारले जातो, हे दोघांनी एकत्र म्हटले. 2017 साली कॅल्व्हिन यांची परंपरा मानणाऱ्या रिफॉर्म्ड मंडळ्यांच्या जागतिक संघटनेनेही त्याला पाठिंबा दिला. सर्व मतभेद मिटलेले नाहीत, पण बेझा आणि बिशप फ्रान्सिस ज्या टेबलाशी बसले होते, ते आज बरेच लहान झाले आहे.

म्हणून त्या बंधूला प्रेमाने सांगावे: बाप्तिस्म्यात ख्रिस्ताने माझे तारण केले, आज तो ते करतो आहे, आणि शेवटी तो ते पूर्ण करील अशी माझी आशा आहे. माझ्यावर माझा भरवसा नाही; त्याच्यावर आहे.

आणि जो तेच पाप घेऊन पुन्हा आला आहे, त्याने लाजू नये. पापनिवेदनाच्या पेटीत बसलेला धर्मगुरूही पापी माणूसच आहे. तोही दुसऱ्या धर्मगुरूपुढे गुडघे टेकतो. ज्या दिवशी तुम्ही येणे बंद कराल, त्या दिवशी काळजी करावी. येत आहात, तोवर कृपा तुम्हांला ओढते आहे.

नमो मरिया या प्रार्थनेच्या अखेरीस आपण देवमातेला दोन घटकांसाठी विनंती करायला सांगतो, आत्ताच्या आणि मरणाच्या. मधल्या वर्षांचा हिशेब तेथे नाही. आत्ताची घटका आपल्या हाती आहे. ती देवाला देत गेलो तर एक दिवस या दोन्ही घटका एकच होतील. जपमाळ हाती घ्याल तेव्हा पॅरिसच्या त्या एकोणीस वर्षांच्या मुलाची आठवण ठेवा आणि निराश झालेल्या कुणा एकासाठी एक नमो मरिया म्हणा. आपल्या धर्मग्रामात असे कोणी नाही, असे समजू नका.

दर शनिवारी संध्याकाळच्या मिस्सापूर्वी पापनिवेदनासाठी मी चर्चमध्ये असतोच. इतर वेळी यायचे असल्यास संकोच न करता धर्मगुरू निवासाची घंटा वाजवावी.

प्रभू येशू आपणां सर्वांना शेवटपर्यंत टिकण्याची कृपा देवो.

ख्रिस्तात आपला,
प्रमुख धर्मगुरू